डायलिसिसचे चार तास : सिस्टरला खरं सांगा

कृष्णाकाठची_सिस्टर | बुधवार, रात्री १०:४०

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये मी चौदा वर्षं नर्स आहे. किडनी काम करेनाशी झालेल्या पेशंटच्या रक्तातली घाण आणि अंगात साठलेलं पाणी आम्ही मशीनने काढतो. आज तिसरी शिफ्ट संपवून आले, कुकर लावला आणि लिहायला बसले. आज जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे एक काका येतात, साठीचे. त्यांचं ड्राय वेट ६० किलो, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. आज काट्यावर ६२.५ आलं. मी विचारलं, "काका, पाणी जास्त नाही ना झालं?" म्हणाले, "नाही सिस्टर, नेहमीएवढंच." अडीच किलो म्हणजे अडीच लिटर, चार तासांत आरामात निघतं. तसं मशीनवर लावून घेतलं. पाऊण तासात त्यांना धाप लागली, पाठीवर झोपवेना, उठून बसले. डॉक्टर आले, छाती तपासली तर फुप्फुसात पाणी. काकू बाहेर रडत होत्या. मला म्हणाल्या, "काट्यावर उभं राहताना त्यांनी भिंतीला हात टेकवला होता, मी बघितलं. वजन कमी दिसावं म्हणून." खरं वजन साडेचौसष्टच्या घरात होतं.

असं का केलं त्यांनी? मागच्या आठवड्यात ते चार किलो वाढवून आले होते आणि सगळ्या शिफ्टसमोर त्यांना कोणीतरी ओरडलं होतं. ती ओरडणारी मीच.

ताशी किती पाणी काढायचं याला मर्यादा असते. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलीलिटरच्या वर जाऊ नये असं आम्हाला शिकवतात. ६० किलोच्या माणसाचे तासाला ७८० मिली, चार तासांचे तीन लिटर आणि वर थोडं. साडेचार लिटर त्यात बसतच नाही. आधी कळलं असतं तर डॉक्टरांना विचारून वेळ वाढवला असता, उद्या पुन्हा बोलावलं असतं. आज धाप लागल्यावर तेच केलं, ऑक्सिजन लावून. काका आता बरे आहेत, उद्या सकाळी पहिल्या शिफ्टला येतील.

म्हणून हा धागा. पेशंट, घरचे, माझ्यासारख्या सिस्टर, टेक्निशियन, सगळ्यांनी लिहा. सुई टोचण्याआधीच्या दोन मिनिटांत सिस्टरला काय सांगायला हवं त्याबद्दल लिहा, आणि ते सांगता यावं म्हणून आम्ही कसं वागायला हवं त्याबद्दलही.

मांजराकाठ | बुधवार, रात्री ११:२५

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझे बाबा ६४ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा लातूरला नेतो. आत्ता मानेतल्या नळीतून चालू आहे, गेल्या महिन्यात डाव्या मनगटाला फिस्टुला केलाय. डिस्चार्जच्या वेळी सगळं इतकं भराभर सांगितलं की निम्मं डोक्यावरून गेलं. आंघोळ कशी घालायची, त्या हाताला काय चालतं, रात्री काही झालं तर काय करायचं? आई तर त्या नळीकडे बघतसुद्धा नाही.

कृष्णाकाठची_सिस्टर | गुरुवार, दुपारी ३:१०

दादा, पहिलीच शिफ्ट होती आज, म्हणून उशीर. काका येऊन गेले, त्यांचं नंतर लिहिते.

आधी मानेची नळी. ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली आहे, त्यामुळे तिथे जंतू शिरले तर ते रक्तातच जातात. ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही. खांद्याच्या वर पाणी घ्यायचं नाही, डोकं वेगळं, मागे वाकवून कोणीतरी धुवून द्यायचं. ड्रेसिंग ओलं झालं किंवा सुटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता युनिटला या. नळीची टोपणं घरी कोणीही उघडायची नाहीत. आणखी एक: तालुक्याच्या दवाखान्यात ताप आला म्हणून गेलात आणि कोणी त्याच नळीतून सलाइन लावायला निघालं तर हात जोडून नाही म्हणा. ती नळी फक्त डायलिसिसची. तिच्यात हिपॅरिन भरून ठेवलेलं असतं, रक्त गोठू नये म्हणून. ते तसंच आत ढकललं गेलं तर रक्तस्राव होऊ शकतो.

नळी जोडताना आणि सोडताना सिस्टर मास्क लावते, पेशंटलाही लावायचा असतो आणि तोंड दुसऱ्या बाजूला वळवायचं असतं. सिस्टर विसरली तर आठवण करा. रागावणार नाही, आणि रागावली तरी करा.

मशीन चालू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात थंडी वाजून हुडहुडी भरली, तर "एसी जास्त आहे" म्हणून पांघरूण ओढून बसू नका. लगेच सांगा. नळीत जंतू असल्याची ती पहिली खूण असते.

आता फिस्टुला. तो म्हणजे शुद्ध रक्ताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली. धमनीच्या जोराने शीर हळूहळू फुगते, जाड होते, मग तिच्यात जाड सुया टोचता येतात. त्याला साधारण दीड-दोन महिने लागतात, काहींना जास्त. तोवर डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मऊ चेंडू दाबायचा व्यायाम. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही. घड्याळ नाही, कळशी उचलायची नाही, उशाखाली घेऊन झोपायचं नाही. आमच्याकडे एका मावशींचा हिरवा चुडा त्याच हातात घट्ट होता, काढायला मन होईना त्यांचं. मग यजमानांनीच स्वतः काढून दुसऱ्या हातात भरला. शीर वाचली.

आणि रोज सकाळी उठल्यावर चहाच्या आधी बाबांच्या मनगटावर दोन बोटं ठेवा. मांजर मांडीवर घुरघुरतं ना, तशी थरथर लागली पाहिजे. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. कानाशी नेलंत तर भुंग्यासारखा आवाज. थरथर कमी झाली, लागेनाशी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन. आत झालेली रक्ताची गाठ लवकर कळली तर कित्येकदा काढता येते. दोन दिवसांनी सांगितलं तर फिस्टुला गेला, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा दोन महिने मानेत नळी.

आईंना हे थरथर बघायचं काम द्या. नळीची भीती वाटते ना, हाताची नाही वाटणार.

चौथी_खुर्ची | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

मी नाशिकचा. नऊ वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्याला तीन वेळा. सिस्टर, तुम्ही स्वतःचं नाव घेऊन लिहिलंत म्हणून मीही लिहितो.

भिंतीला हात मीही टेकवलेला आहे. डायलिसिसआधी खिशातला मोबाइल बाजूला काढून वजन करायचो आणि डायलिसिसनंतर खिशात घेऊन. म्हणजे जातानाचं वजन जास्त दिसतं, पाणी कमी निघाल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी वाढ कमी दिसते. कोणाला फसवत होतो? पण तहान काय असते ते ज्याला मोजून पाणी प्यावं लागतं त्यालाच कळतं. मला लघवी जवळजवळ होत नाही. दिवसाला जेवढी लघवी तेवढं अधिक अर्धा लिटर, असा माझा हिशोब, म्हणजे अर्ध्या लिटरच्या थोडं वर. त्यात चहा, आमटी, ताक, औषधाचं पाणी सगळं आलं. एप्रिल-मेमध्ये माठाजवळून जाताना मान वळवून जातो.

मला उपयोग झाला तो असा. सकाळी बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या कशातून काही प्यायलो तर तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. लहान पेला. बर्फाचा एक खडा जिभेवर, तोही हिशोबात धरून. चूळ भरून थुंकायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मीठ. पाणी कमी पी असं सगळे सांगतात, पण लोणचं-पापड-फरसाण चालू ठेवून पाणी कमी पिणं अशक्य आहे. मीठ कमी झाल्यावर माझी तहान महिन्याभरात निम्म्यावर आली.

शनिवार ते मंगळवार असा मोठा खंड येतो तेव्हा सगळ्यात जपावं लागतं. माझ्या शिफ्टमधले दोन जण अशाच खंडानंतर गेले. त्यांच्या खुर्च्यांकडे बघायला नको वाटतं.

हातातल्या घुरघुरीबद्दल सांगतो, मला या गोष्टींचा नाद आहे. पहिलं चालणारं डायलिसिस यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेन गावात बनवलं, जर्मनांच्या ताब्यात देश असताना. सॉसेजवर चढवतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपावर गुंडाळून. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. पण दर वेळी नवी शीर लागायची, म्हणून कायमचं डायलिसिस शक्यच नव्हतं. १९६० मध्ये सिॲटलला स्क्रिब्नर यांनी हाताबाहेर राहणारी टेफ्लॉनची नळी काढली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशा, चिमिनो आणि ॲपेल यांनी फिस्टुला जगासमोर मांडला. माझ्या डाव्या हातात त्यांचंच काम थरथरतंय. नऊ वर्षं एकच फिस्टुला टिकलाय. त्याचं श्रेय आमच्या सिस्टरला, दर वेळी मागच्या जागेपासून थोडं सरकून टोचते.

ब्रदर_टेक | गुरुवार, रात्री ९:५०

मी डायलिसिस टेक्निशियन, पुण्याजवळ. सिस्टर, तुमच्या मनातलं पोचलं, पण ओरडण्याबाबत थोडं वेगळं सांगतो.

शिफ्टला दहा मशीनं, आम्ही तिघं. एक शिफ्ट सोडतोय, दुसरी दारात उभी. लाइन प्राइम करायच्या (नळ्यांत सलाइन भरून हवा काढायची), डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी जाळी (पेशंट त्याला 'किडनी'च म्हणतात) लावायचा, हिपॅरिन, अलार्म. त्यात पाच किलो वाढवून आलेला माणूस हसत सांगतो, काल लग्नाला गेलो होतो. आवाज चढतोच. काही पेशंट गोड बोलून ऐकतच नाहीत, आणि त्यांच्या छातीत पाणी झालं की धावायचं आम्हीच. कडकपणा काही अगदी वाईट नाही.

आम्ही जे दिसत नाही ते सांभाळतो, तेही लिहितो. एका पेशंटच्या चार तासांत साधारण १२० लिटर पाणी डायलायझरच्या जाळीपलीकडून वाहतं. मिनिटाला अर्धा लिटर. त्यातला क्लोरीन, जंतू, सगळं आरओ प्लांटमध्ये निघालं पाहिजे. एका पेशंटला थंडी वाजली तर त्याची नळी बघायची. एकाच शिफ्टमध्ये तीन-चार जणांना वाजली तर आधी पाणी बघायचं.

उत्तरवारा | गुरुवार, रात्री ११:५८

मी मूळची कोल्हापूरची, अकरा वर्षं इंग्लंडमध्ये रीनल नर्स, म्हणजे किडनीच्या पेशंटची नर्स आहे. ब्रदर, कामाचा ताण इथेही आहे, आणि आवाज माझाही चढलेला आहे. पण मी एक बघितलं. ज्या पेशंटना आम्ही त्यांचं वजन स्वतः लिहायला, बीपी स्वतः घ्यायला, पुढे पुढे स्वतःची सुई स्वतः टोचायला शिकवतो, ते काट्यावर खोटं उभे राहत नाहीत. तो आकडा त्यांचा असतो. इथे काही जण घरीच मशीन घेऊन डायलिसिस करतात.

भारतात ते सगळ्यांना जमणार नाही हे मला माहीत आहे. पण शंभर रुपयांची वही जमेल. वजन आधी, वजन नंतर, बीपी, काय झालं. पेशंटच्या हातात पेन. आणि आकडा जास्त आला की मी "किती प्यायलात?" असं विचारायचं सोडलंय. मी विचारते, "या वेळी अवघड गेलं का?" मग लग्न, ऊन, भांडण, सगळं बाहेर येतं.

कृष्णाकाठची_सिस्टर | शुक्रवार, रात्री ८:३०

"या वेळी अवघड गेलं का?" हे मी आज कागदावर लिहून काट्याच्या वर चिकटवलं. आमच्यासाठी.

ब्रदर, तुमचा ताण मी रोज जगते, त्यामुळे रागावत नाही. पण कडक असणं वेगळं आणि चारचौघांत पाणउतारा करणं वेगळं. मी दुसरं केलं. काल काकांची मी माफी मागितली, काकूंच्या समोर. ते काही बोलले नाहीत. वजन झाल्यावर मात्र दोन्ही हात छातीशी धरून उभे राहिले, मला दिसतील असे.

नवी_परिचारिका | शुक्रवार, रात्री ९:१५

ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नुकतीच युनिटला लागले आहे. मशीन शिकवतात, पण पेशंटकडे नक्की काय बघायचं ते कोणी सांगत नाही. बीपी दर तासाला घेते. पुरेसं आहे का? आणि एक सांगू का, सुई टोचताना माझा हात अजून थरथरतो.

कृष्णाकाठची_सिस्टर | शनिवार, सकाळी ११:२०

बाळा, हात थरथरतो म्हणजे तुला समोरच्याचं दुखणं दिसतंय. सहा महिन्यांत थरथर जाईल.

टोचण्याआधी पेशंटला साबणाने तो हात धुवायला लाव. मग हात नुसता बघ: लाली, सूज, पू, चकचकीत पातळ झालेली कातडी, जुनी खपली. मग बोटं लाव, मग कान किंवा स्टेथोस्कोप. खपलीवर टोचायचं नाही. त्याच त्या जागी टोचत राहिलीस तर तिथे फुगा येतो, कातडी पातळ होते, आणि एक दिवस तो फुटू शकतो. पेशंट म्हणेल इथेच टोच, इथे दुखत नाही. दुखत नाही कारण ती जागा मेलीय. समजावून सरक.

बीपी दर तासाला घेणं हे कमीत कमी. नवा पेशंट, म्हातारा पेशंट, जास्त पाणी काढायचं असलेला, मधुमेहाचा, यांचं अर्ध्या तासाला किंवा त्याहून लवकर. पण बीपी पडायच्या आधी माणूस सांगतो, मशीन नाही. जांभया यायला लागतात. बडबड्या माणूस गप्प होतो. कपाळावर घाम, "सिस्टर, कसंतरी होतंय", मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. जांभई दिसली की मी आधी उठते आणि मग विचार करते. पाणी काढणं थांबव, डोकं खाली, पाय वर, डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे सलाइन शंभर-दोनशे मिली, पुन्हा बीपी. मधुमेही असेल तर साखर लगेच तपास. किडनी गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि सकाळी डोस घेऊन, नाश्ता न करता आलेला माणूस मशीनवर साखर पडून बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून येताच विचारायचं: काय खाल्लं, बीपीची गोळी घेतली का, इन्सुलिन घेतलं का. जुलाब झाले का, कुठे रक्त येतंय का, पडलात का, दात काढायचाय का. शेवटचे तीन हिपॅरिनसाठी विचारायचे, ते विसरू नकोस. डोक्याला मार लागलेला माणूस "काही नाही, बाथरूममध्ये घसरलो" म्हणतो आणि आपण त्याला रक्त पातळ करायचं औषध देऊन बसतो.

पायात गोळे येणं खूप दिसेल. बहुतेक वेळा पाणी वेगाने निघतंय किंवा ड्राय वेट चुकलंय. महिनाभर नीट जेवलेला पेशंट खरंच जाड झालेला असतो आणि आपण त्याचं मांस पाणी समजून ओढत असतो. उलटही होतं.

अगदी पहिल्या डायलिसिसला नातेवाईक विचारतात, सगळ्यांचं चार तास, आमचं दोनच का? रक्तातली घाण एकदम उतरली तर मेंदूला सूज येऊ शकते: डोकेदुखी, उलटी, गोंधळणं, कधी झटके. म्हणून पहिल्या वेळा कमी वेळ, कमी वेगाने. हे त्यांना आधीच सांग, म्हणजे पैसे बुडाले असं वाटणार नाही.

आता जे सांगते ते पाठ कर. फिस्टुलाचा हात पांघरुणाखाली जाता कामा नये. मी तिसऱ्या वर्षात असताना, तेव्हा दुसऱ्या गावी होते, हिवाळ्यात रात्रीची शिफ्ट होती. एका आजोबांनी शाल हातावरून ओढून घेतली. व्हीनसची सुई, म्हणजे जिच्यातून रक्त परत अंगात जातं ती, निसटली. मशीन मिनिटाला ३०० मिली रक्त ओढत होतं आणि ते गादीवर पडत होतं. अलार्म वाजला नाही. सुई निसटली तरी दाब कधी कधी इतका थोडाच उतरतो की मशीनला कळत नाही. पलंगाखालच्या फरशीवर डाग दिसला तो झाडू मारणाऱ्या मावशींना. त्यांनी हाक मारली, मी पंप बंद केला. आजोबा वाचले, रक्त चढवावं लागलं. तेव्हापासून मी शाल दंडापर्यंतच घालते, खाली हात उघडा, चिकटपट्टी प्रत्येक वेळी नवी आणि नळीला कोपराशी एक वळसा. चार तासांत आठ-दहा वेळा तरी नजर त्या हातावरून फिरते. मशीनच्या पडद्यावरून फिरते त्याच्या आधी.

नवी_परिचारिका | शनिवार, दुपारी १२:०२

लिहून घेतलं ताई. जांभई, शाल, डोक्याला मार.

आजीची_नात | शनिवार, दुपारी ४:४०

माझी आजी ठाण्याला डायलिसिसवर आहे. एकादशी सोडायला तयार नाही. "साबुदाणाच तर खाते" म्हणते. मागच्या एकादशीनंतर रक्तातलं पोटॅशियम वाढून ६.४ आलं, हृदय बघायला ईसीजी काढावा लागला. कसं समजावू? देवाच्या नावाने भांडण नको वाटतं.

ताट_वाटी | शनिवार, संध्याकाळी ६:३०

मी आहारतज्ज्ञ आहे, किडनीचे पेशंटच जास्त बघते. आजीचा साबुदाणा तसा निरपराध आहे. त्याच्यातले बटाटे, शेंगदाण्याचं कूट, वर शहाळं, केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू हे पोटॅशियमचे डोंगर आहेत. शेंगदाण्यात फॉस्फरसही भरपूर. आजींना एकादशी सोडायला सांगू नका, ताट बदला. वरीचे तांदूळ, सोबत काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट न घालता, साबुदाणा तुपाजिऱ्यावर. फळात सफरचंदाच्या चार फोडी किंवा पपईची एक लहान फोड. बटाटा हवाच असेल तर सोलून बारीक चिरून भरपूर पाण्यात दोन तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात उकडा, तेही पाणी टाका. तरी थोडाच. आणि उपास डायलिसिसच्या दिवशी नको.

दोन धोके अजून. बाजारात 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं, बीपीसाठी चांगलं म्हणून मुलं कौतुकाने आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. डायलिसिसच्या घरात ती पुडी येऊच देऊ नका. दुसरं कमरख, तारेसारख्या फोडी होतात ते आंबट फळ, कोकणात-गोव्यात परसात असतं. किडनी गेलेल्या माणसाला त्याने उचकी लागून फेफरं येऊ शकतं, जीव जाऊ शकतो. एक फोडही नको.

घरोघरी होणारी चूक म्हणजे डाळ-अंडं बंद. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. सुरू झाल्यावर नियम उलटतो, कारण डायलिसिसमध्ये ती निघून जातात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात. अंड्याचा पांढरा भाग उत्तम. फॉस्फरस कमी करायची गोळी असेल तर ती जेवणाच्या घासांबरोबरच, नंतर तासाने घेतली तर काही उपयोग नाही.

आजीची_नात | शनिवार, संध्याकाळी ७:१५

"ताट बदला." हे आजी ऐकेल. मनापासून आभार.

चौथी_खुर्ची | रविवार, सकाळी ९:००

पैशांबद्दल कोणी विचारायच्या आधी लिहून ठेवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटना ते मोफत असतं. डायलिसिससाठी प्रवास करताना रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, सोबतच्या एकालाही. आणि हिपॅटायटिस बीची लस घेतली का ते विचारा. आपल्याला तिचा डोस इतरांच्या दुप्पट असतो.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

ताई, सांगायलाच हवं. शुक्रवारपासून आई रोज सकाळी बाबांच्या मनगटाला बोटं लावते. नंतर म्हणते, "आहे मांजर." आज सकाळी म्हणाली, "मांजर झोपल्यासारखं वाटतंय." मी बघितलं, मला काही कळेना, थोडी थरथर होतीच. पण तुम्ही त्याच तासाला लिहिलं होतं म्हणून युनिटला फोन केला. लगेच या म्हणाले. सोनोग्राफीत जोडाच्या थोडं वर शीर अरुंद झालेली दिसली. दुपारी फुगा घालून उघडली. सर म्हणाले, अजून दोन दिवस थांबला असता तर बंद झाली असती.

आता संध्याकाळी आईने पुन्हा बोटं लावली. काही बोलली नाही, बाबांचा हात धरूनच बसली होती बराच वेळ.

कृष्णाकाठची_सिस्टर | मंगळवार, रात्री १०:३२

दादा, आईंना माझा नमस्कार सांगा. चौदा वर्षं केलेल्या सिस्टरलाही 'झोपल्यासारखं' हा फरक बोटाला कळायला वेळ लागतो. आज रात्री त्या हातावर घट्ट पट्टी राहू देऊ नका, आणि पट्टीतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने बोटाने दाबून धरा, पंधरा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. नाही थांबलं तर दाबलेलं बोट न काढता दवाखाना. फुगा घातल्याचं पुढच्या वेळी सिस्टरला आधी सांगा, फाइल पोचलेली असेलच असं नाही.

मांजराकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

सांगितलं ताई. फिस्टुला नीट चालू आहे, टोचायला अजून तीन आठवडे म्हणाले.

बाबा शेजारी बसलेत, लिही म्हणतात: आज वजन २.८ नी वाढलं होतं. काट्यावर कशालाही न धरता उभा राहिलो. सिस्टरने विचारायच्या आधीच सांगितलं, बुधवारी शेतावर गेलो होतो, लिंबू सरबत दोन पेले, मीठ घालून. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत", आणि वहीत लिहायला पेन माझ्याकडे दिलं.